पॅडल नव्याने शिकणाऱ्यांसाठी धागा: चेंडू काचेवर सोडायचा की आधीच मारायचा?

सोनसळी

बरीच वर्षं बॅडमिंटन खेळल्यावर आता पॅडलकडे वळले आहे आणि या खेळाने पुरतं वेड लावलंय. इथे पॅडल खेळणारे बरेच जण आहेत हे इतर धाग्यांवरच्या गप्पांतून लक्षात आलं, पण माहिती सगळी विखुरलेली. म्हणून हा वेगळा धागा. नियम, रॅकेट, फटके, दुखणी, शंका, सगळं इथे येऊ द्या.

ज्यांनी हा खेळ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी: कोर्ट २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि चारी बाजूंनी बंद. मागच्या भिंती काचेच्या, बाजूला कोपऱ्यांपाशी काच आणि उरलेल्या भागात लोखंडी जाळी. मध्ये टेनिससारखं नेट. खेळ चौघांचा, दोन विरुद्ध दोन. रॅकेटला तारा नसतात, भोकं पाडलेली जाड बॅटच असते ती. गुण टेनिससारखेच, १५, ३०, ४०, गेम. सगळ्यात मोठा फरक असा की चेंडू एक टप्पा पडून काचेवर आदळला तरी तो जिवंत असतो. काचेवरून परत आलेला चेंडू तुम्ही खुशाल मारू शकता.

माझी गाडी नेमकी इथेच अडते. बॅडमिंटनमध्ये शटल खाली पडलं की खेळ खल्लास, त्यामुळे काहीही करून आधी गाठायचं हे अंगात मुरलंय. चेंडू आपल्या अंगावरून मागे जाऊ देणं मनाला पटतच नाही. आणि सोडला तर काचेवरून येताना कधी पोटात घुसतो, कधी हाताच्या पलीकडून निघून जातो. तर प्रश्न असा: चेंडू काचेवर कधी सोडायचा आणि आधीच कधी मारायचा, हे ठरवायचं कसं? तेही एवढ्याशा वेळात?

खारूताई

वा, हवाच होता असा धागा! मीही नवीनच आहे, त्यामुळे सध्या फक्त वाचणार. सगळ्यांनी सविस्तर लिहा.

टेनिसवाला

माझं मत सरळ आहे. सुरुवातीला काचेच्या नादी लागूच नका. टप्पा पडला की मारा आणि संधी मिळाली की नेटकडे धावा. पॅडलमध्ये जी जोडी नेटवर उभी असते तिचीच चलती असते. मागे काचेपाशी रेंगाळणारे शेवटी मार खातात. टेनिसमधून आलेल्यांना व्हॉली (टप्पा पडायच्या आत हवेतच मारलेला फटका) येतेच, ती वापरा. काच पुढे आपोआप जमते.

आडवाटे

@टेनिसवाला, नेटबद्दल शंभर टक्के सहमत. पण "काच आपोआप जमते" याच्याशी अजिबात नाही. मी नवीन लोकांना शिकवतो. पहिल्या दिवसापासून काच टाळणारे खेळाडू पुढे कितीही खेळले तरी मागे गेले की गांगरतातच. आणि समोरच्यांना एकदा कळलं की हिला काच येत नाही, की ते प्रत्येक चेंडू खोल टाकतात. मग तुम्ही नेटवर जाणार कसे? मागून पुढे जायचा रस्ता काचेवरूनच जातो.

सोनसळी, तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं आहे, सवडीने लिहितो.

निळावंती

एक प्राथमिक शंका. समोरच्याने मारलेला चेंडू टप्पा न पडता थेट आमच्या काचेवर आला तर? आमच्या इथे यावरून दर खेपेला वाद होतात. स्क्वॉश खेळणारे म्हणतात चालतो.

पंचमामा

@निळावंती, चालत नाही. स्क्वॉशचा नियम स्क्वॉशला. पॅडलमध्ये नेट ओलांडून आलेला चेंडू आधी जमिनीवर पडायलाच हवा. थेट तुमच्या काचेवर किंवा जाळीवर आदळला तर मारणाऱ्याचा गुण गेला. टप्प्यानंतर मात्र तो तुमच्या काचेवर, जाळीवर, एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर, कुठेही जाऊ दे, दुसरा टप्पा पडेपर्यंत जिवंत आहे.

वाद होणाऱ्या आणखी काही गोष्टी लिहून ठेवतो.

सर्व्हिस: चेंडू आधी जमिनीवर टाकायचा आणि मग मारायचा. मारताना तो कमरेच्या उंचीला किंवा त्याखाली हवा, निदान एक पाय जमिनीला टेकलेला हवा. सर्व्हिसची रेघ नेटपासून ६.९५ मीटरवर असते, तिच्या मागे उभं राहून तिरप्या चौकोनात सर्व्हिस करायची. दोन संधी मिळतात. चौकोनात टप्पा पडून चेंडू काचेवर गेला तर सर्व्हिस चांगली, पण टप्प्यानंतर बाजूच्या लोखंडी जाळीला लागला तर फॉल्ट. हे लक्षात ठेवा, निम्मी भांडणं इथेच होतात. सर्व्हिस परतवणाऱ्याने मात्र टप्पा पडू द्यायलाच हवा, ती हवेत मारता येत नाही.

स्वतःच्या काचेचा वापर: चेंडू तुमच्या मागे गेलाय आणि सरळ मारायला वाव नाही, अशा वेळी तुम्ही तो स्वतःच्याच काचेवर मारून तिथून नेटपलीकडे पाठवू शकता. हे कायदेशीर आहे. स्वतःच्या जाळीवर मारून मात्र नाही.

अंगाला, कपड्याला चेंडू लागला की गुण गेला. चेंडू खेळात असताना नेटला हात, पाय, रॅकेट लागली तरी गेला.

निळावंती

धन्यवाद पंचमामा! हा प्रतिसाद छापून कोर्टाच्या दारावर लावते. जाळीला लागलेल्या सर्व्हिसवर आम्ही आजवर खुशाल खेळत आलोय.

उनाड

पंचमामा, एक भन्नाट प्रसंग घडला. समोरच्याने स्मॅश मारला, आमच्या बाजूला टप्पा पडला, मागच्या काचेवर आदळला आणि सरळ नेटवरून उडून त्यांच्या बाजूला परत गेला! आम्ही चौघंही बघत उभे. गुण कोणाचा?

पंचमामा

मारणाऱ्याचा. तुमच्यापैकी कोणी त्या चेंडूला हात लावला नाही, त्यामुळे तो परत त्यांच्या बाजूला पडला की गुण त्यांना. तुम्हाला एक संधी होती: चेंडू नेट ओलांडून परत जात असताना नेटला स्पर्श न करता हात पलीकडे नेऊन तो मारता आला असता. एरवी पलीकडे जाऊन चेंडू मारायला मनाई आहे, या एका प्रसंगात परवानगी आहे. चांगले खेळाडू असा स्मॅश येताना दिसला की मागे न थांबता नेटकडे धावतात ते याचसाठी.

उनाड

म्हणजे पुढच्या वेळी बघत न राहता पळायचं. कळवतो पार्टनरला. तो अजून बघतच असेल.

बखरकार

थोडं अवांतर, पण या खेळाची जन्मकथा नव्या लोकांनी ऐकायलाच हवी.

१९६९ साली मेक्सिकोतल्या अकापुल्कोमध्ये एन्रिके कोर्क्वेरा नावाच्या गृहस्थाने घराच्या आवारात लहानसं कोर्ट बांधलं. चेंडू सारखा बाहेर जाऊ नये म्हणून भोवती भिंती घातल्या आणि मग त्या भिंतीच खेळात घेतल्या. त्याचा मित्र आल्फोन्सो दे होहेनलोहे याला खेळ इतका आवडला की १९७४ च्या सुमारास त्याने स्पेनमधल्या मार्बेयाला आपल्या क्लबात कोर्ट बांधली. तिथून खेळ अर्जेंटिनात गेला आणि या दोन देशांनी तो अक्षरशः डोक्यावर घेतला. आंतरराष्ट्रीय महासंघ १९९१ मध्ये स्थापन झाला, पहिली जागतिक स्पर्धा १९९२ मध्ये स्पेनला झाली. तेव्हापासून या स्पर्धांवर अर्जेंटिना आणि स्पेन यांचंच राज्य आहे. २०२३ मध्ये पोलंडला झालेल्या युरोपीय क्रीडा स्पर्धांतही पॅडल होतं.

भिंतीवरून आलेला चेंडू खेळायची कल्पना त्याआधीचीही आहे. अमेरिकेत १९२८ मध्ये प्लॅटफॉर्म टेनिस सुरू झालं, त्यात भोवतीच्या ताठ ओढलेल्या जाळीवरून परत आलेला चेंडू खेळतात. पण काच आणि जाळी मिळून जो खेळ आज दिसतो, तो पॅडलचाच.

खारूताई

बखरकार, काय सुंदर माहिती! म्हणजे चेंडू शोधायचा कंटाळा हीच या खेळाची जननी.

माळरान

पॅडल आणि पिकलबॉल एकच ना? आमच्या ग्रुपमध्ये दोन्ही नावं सरसकट वापरतात.

टेनिसवाला

नाही हो! पिकलबॉलचं कोर्ट बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढं, १३.४१ बाय ६.१० मीटर. चेंडू प्लास्टिकचा, भोकांचा. भिंती नाहीत. पॅडलचा चेंडू दिसायला टेनिससारखाच असतो, पण जरा कमी दाबाचा. दोन्ही खेळ शिकायला सोपे, पण चाल पूर्ण वेगळी. पिकलबॉलमध्ये तुमच्यामागे गेलेला चेंडू गेला. पॅडलमध्ये तो परत येतो.

आडवाटे

"तो परत येतो" हे वाक्य टेनिसवाल्यांनी लिहिलंय, मी नाही. नोंद घ्यावी. :)

रेघोट्या

रॅकेटबद्दल कोणीच बोललं नाही अजून. मी दुसऱ्याची उसनी घेऊन खेळतेय, स्वतःची घ्यायची आहे. दुकानात गेलं की गोल, थेंबासारखी, हिऱ्यासारखी असे आकार दाखवतात आणि प्रत्येक विक्रेता हिऱ्याच्या आकाराचीच गळ्यात मारायला बघतो.

जुनाट

@रेघोट्या, गोल घ्या. डोळे झाकून.

कारण सांगतो. गोल रॅकेटमध्ये चेंडू नीट लागतो तो भाग मोठा आणि मध्यावर असतो, वजन हाताकडे असतं. चेंडू थोडा इकडेतिकडे लागला तरी जातो. हिऱ्याच्या आकारात वजन टोकाकडे, नीट लागायचा भाग लहान आणि वर. जोर जास्त मिळतो खरा, पण तो ज्याला प्रत्येक चेंडू जागेवर मारता येतो त्याला. थेंबाचा आकार दोन्हींच्या मधला. मोठमोठे खेळाडू हिऱ्याची वापरतात म्हणून नव्याने ती घ्यायची हा शुद्ध हट्ट.

पृष्ठभाग फायबरग्लासचा असेल तर जरा मऊ, कार्बनचा असेल तर कडक. आतला फोम मऊ असेल तर हाताला कमी हादरा बसतो. वजन ३५० ते ३६५ ग्रॅमच्या आसपास असावं. आणि दांड्याला असलेला मनगटाचा पट्टा हा शोभेचा नाही, नियमानुसार सक्तीचा आहे. बंद कोर्टात हातातून सुटलेली रॅकेट कोणाच्या तोंडावर बसली तर काय होईल याची कल्पना करा.

हाडवैद्य

जुनाट यांच्या प्रतिसादाला जोरदार अनुमोदन, आणि माझ्या पेशातून थोडी भर. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पॅडल खेळणारे दोन तक्रारी घेऊन सर्वाधिक येतात: कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं आणि पोटरीचा स्नायू ताणला जाणं.

कोपरामागे बहुतेक वेळा जड किंवा फार कडक रॅकेट, दांडा करकचून धरायची सवय आणि मनगटाच्या झटक्याने मारलेले फटके असतात. तारा नसल्यामुळे हादरा शोषायला फोमशिवाय काही नसतं, हे विसरू नका. दोन फटक्यांच्या मध्ये रॅकेट डाव्या हातात तोलून धरा, उजव्या पंजाला तेवढीच विश्रांती मिळते.

पोटरीचं कारण म्हणजे थंड अंगाने एकदम पुढे झेप. आधी पाच-दहा मिनिटं अंग गरम करा, हा सल्ला कोणी ऐकत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा लिहिते.

बूट हा तिसरा मुद्दा. धावायचे बूट घालून खेळू नका. त्यांचा तळवा उंच आणि मऊ असतो, बाजूला पाय टाकताना घोटा मुरगळतो. कोर्टाच्या टर्फवर (कृत्रिम गवतावर) वाळू पसरलेली असते, तिच्यावर पकड हवी असेल तर नागमोडी खाचांचा तळवा असलेले बूट घ्या. डोळ्यांवर संरक्षक चष्मा घातलात तर फारच उत्तम. नेटवर उभ्या माणसाला समोरून अगदी जवळून चेंडू येतो.

रेघोट्या

जुनाट, हाडवैद्य, दोघांचेही मनापासून आभार. गोल, मऊ, हलकी. ठरलं!

सोनसळी

सगळेच प्रतिसाद मोलाचे आहेत, वाचून खूप छान वाटतंय. पण आडवाटेजी, माझी काच राहिलीच हं. :)

उनाड

त्याआधी स्मॅशचं कोणीतरी सांगा. मला तर स्मॅश मारल्याशिवाय चैनच पडत नाही, आणि जितक्या जोरात मारतो तितका चेंडू समोरच्यांना सोपा होऊन जातो. असं का?

निळावंती

@उनाड, कारण मागे काच आहे! जोरात सपाट मारलेला चेंडू टप्पा पडून काचेवर जातो आणि तिथून कोर्टाच्या मध्यापर्यंत ऐटीत परत येतो. म्हणजे आपण घाम गाळायचा आणि समोरच्यांना हातात आणून द्यायचा. जोराचा स्मॅश तेव्हाच उपयोगी जेव्हा तो काचेवरून परत आपल्याकडे येईल किंवा कोर्टाबाहेर उडून जाईल. ते अंतर आणि उंची नव्याला साधत नाही.

त्याऐवजी बांदेहा हा डोक्यावरून कापून मारायचा फटका शिका. लॉब (डोक्यावरून मागे जाणारा उंच चेंडू) आला की आडवं वळून, डोक्यापेक्षा थोडा पुढे, रॅकेट खालून कापत नेऊन चेंडू खोल कोपऱ्याकडे टाकायचा. कापलेला चेंडू काचेवरून वर न उसळता खाली पडतो, समोरच्याला वाकून उचलावा लागतो आणि तेवढ्या वेळात आपण नेटवर परत जागेवर. गुण लगेच मिळत नाही, पण नेट हातचं जात नाही. बांदेहा आली आणि माझा खेळच बदलला.

माळरान

आणि लॉब! नवीन लोकांना लॉब मारणं म्हणजे माघार वाटते. उलट समोरची जोडी नेटवर चढून बसली असताना तिला मागे ढकलायचा तोच खात्रीचा उपाय. उंच मारा, काचेच्या जवळ पडेल असा. ते मागे धावले की तुम्ही दोघं पुढे.

जुनाट

दोघं हा शब्द महत्त्वाचा. एकटा पुढे, दुसरा मागे अशी जोडी उभी राहिली की मधल्या तिरप्या रिकाम्या जागेतून चेंडू जातोच. पार्टनरला आणि आपल्याला कमरेला एकच दोरी बांधलीय असं समजून सरका: तो उजवीकडे तर तुम्हीही उजवीकडे, तो मागे तर तुम्हीही मागे. आणि बोला. "माझा", "तुझा", "सोड", "पुढे", एवढे चार शब्द पुरतात.

खारूताई

आमच्यात फक्त "तुझा" हा एकच शब्द आहे, दोघींच्याही तोंडी, एकाच वेळी. चेंडू मधून समजूतदारपणे निघून जातो.

जुनाट

मधल्या चेंडूवर हक्क कोणाचा हे खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवा. दोघीही उजव्या हाताने खेळत असाल तर डावीकडे उभी असलेलीचा फोरहँड मध्ये येतो, म्हणून मधला चेंडू साधारणपणे तिचा.

आडवाटे

आता काच. सोनसळी, उशीर झाला, पण एका वाक्यात उरकायचा विषय नव्हता.

पहिलं म्हणजे तुम्ही उभ्या कुठे राहता. बॅडमिंटन आणि टेनिसवाले घाबरून काचेला पाठ टेकवायला जातात. तिथे उभं राहिलं की काचेवरून येणारा प्रत्येक चेंडू पोटातच येणार, कारण त्याला बाहेर यायला जागाच ठेवलेली नाही. सर्व्हिसची रेघ आणि काच यांच्यामध्ये ३.०५ मीटर जागा असते. रेघेच्या जरा मागे उभ्या राहा. तिथून पुढेही जाता येतं, मागेही.

दुसरं, निर्णय. चेंडू समोरच्याच्या रॅकेटवरून सुटला की दोनच गोष्टी बघायच्या: टप्पा कुठे पडणार आणि वेग किती. टप्पा सर्व्हिसच्या रेघेच्या पुढे, नेटच्या बाजूला पडतोय आणि वेग कमी आहे, तर तो चेंडू काचेपर्यंत धड पोचणार नाही, पोचला तरी काचेच्या पायथ्याशी मरेल. तो आधीच मारा. टप्पा रेघेच्या मागे पडतोय आणि चेंडू वेगात किंवा उंच आहे, तर तो काचेवरून बाहेर येणारच. तो सोडा. लॉब खोल पडत असेल तर बहुतेक वेळा सोडाच. उरतो पायाशी पडणारा मधला चेंडू. तो फारच अवघड जागी असतो, पण तो अर्ध्या टप्प्यावर (टप्पा पडल्या पडल्या) उचलण्याची घाई करण्यापेक्षा एक पाऊल बाजूला होऊन सोडणं नव्यांना जास्त फायद्याचं. सोडल्याने तुम्हाला वेळ मिळतो, आणि मागे असताना वेळ हीच खरी कमाई.

तिसरं, पाय. इथेच सगळं आहे. चेंडू सोडायचा ठरला की समोर तोंड करून मागे मागे चालत जाऊ नका. बाजूच्या काचेकडे तोंड होईल असं आडवं वळा, रॅकेट तेव्हाच मागे आणि खाली न्या. आता चेंडूसोबत काचेकडे जा. चेंडू तुमच्या शेजारून मागे जाईल, काचेवर आदळेल आणि परत निघेल. तो निघाला की तुम्हीही त्याच्यासोबत पुढे निघा. तो तुम्हाला ओलांडून थोडा पुढे गेला, पुढच्या पायाच्या रेषेत आला, गुडघ्याच्या किंवा मांडीच्या उंचीवर उतरला, की मारा. गुडघे वाकलेले, रॅकेट चेंडूच्या खालून. जोर लावायचा नाही, काचेने तो आधीच दिलेला असतो. आणि या चेंडूवर नव्याने एकच फटका खेळावा: उंच लॉब.

पोटात घुसतो त्याचं कारण तुम्ही चेंडूच्या रेषेत उभ्या राहता. हाताच्या पलीकडून जातो त्याचं कारण काच लागल्यावर तुम्ही जागेवर थांबता, चेंडू पुढे जातो आणि तुम्ही मागे राहता. वळणं आणि सोबत चालणं, या दोन गोष्टी केल्या की दोन्ही तक्रारी बऱ्याच कमी होतील.

सरावासाठी सुरुवातीला रॅकेट बाजूला ठेवा. पार्टनरला हाताने चेंडू टाकायला सांगा: टप्पा, काच, आणि तुम्ही आडव्या वळून तो हातात झेला. कमरेखाली, शरीराच्या पुढे. झेल सहज बसायला लागला की रॅकेट घ्या. बरेच जण हे बालिश समजून टाळतात. मी शिकवायला घेतलेल्या प्रत्येकाकडून हे आधी करून घेतो, कारण झेलताना पाय आपोआप बरोबर पडतात, मारायच्या घाईत ते विसरतात.

सोनसळी

आडवाटेजी, किती समजावून लिहिलंत! "चेंडूसोबत जा, चेंडूसोबत या" हे कोणी असं फोड करून सांगितलंच नव्हतं. उद्याच झेलायचा सराव सुरू.

टेनिसवाला

हा प्रतिसाद उत्तम आहे, वादच नाही. पायाशी पडणाऱ्या चेंडूबाबत मात्र माझं मत कायम आहे. ज्याला टेनिसमुळे अर्धा टप्पा येतो त्याने तो उचलावा, कारण सोडला की समोरच्यांना जागा घ्यायला अवधी मिळतो. वेळ दोन्ही बाजूंना मिळतो, फक्त आपल्याला नाही.

आडवाटे

हे मान्य. समोरचे नेटकडे येत असतील, अजून पोचले नसतील, तर लवकर मारलेला चेंडू त्यांच्या पायाशी पडतो आणि ते अडचणीत येतात. ते आधीच नेटवर ठाण मांडून असतील तर मात्र सोडा आणि लॉब मारा. म्हणजे तिसरी गोष्टही बघायची: समोरचे कुठे आहेत. ही पहिल्या दोन जमल्यावर.

माळरान

आणि बाजूच्या काचेवरून मागच्या काचेवर जाणारा चेंडू? मी तर गोल गोल फिरतो नुसता.

आडवाटे

@माळरान, चेंडू आधी बाजूच्या काचेला लागला आणि मग मागच्या, तर तो कोपऱ्यातून कोर्टाच्या मध्याकडे बाहेर येतो. त्यामुळे कोपऱ्यात शिरू नका, मध्याच्या बाजूला दूर सरका आणि वाट बघा. आधी मागची आणि मग बाजूची लागली तरी दूरच राहायचं. कोपऱ्यापासून लांब, हा एकच नियम सध्या पुरे. आणि लोखंडी जाळीला लागणारा चेंडू मात्र शक्यतो आधीच मारा, कारण जाळीवरून तो कसा येईल याचा नेम नसतो.

बखरकार

ज्यांना मोठ्या खेळाडूंचे सामने बघून शिकायचंय त्यांनी फर्नांडो बेलास्तेगिनचे जुने सामने नक्की बघावेत. हा अर्जेंटिनाचा खेळाडू सलग १६ वर्षं जगात पहिल्या क्रमांकावर होता, त्यातला मोठा काळ हुआन मार्टिन दियाझसोबत. २०२४ मध्ये निवृत्त झाला. त्याचं मागचं खेळणं बघा: चेंडू सोडताना चेहऱ्यावर जराही घाई नसते. आताच्यांमध्ये आगुस्तिन तापिया आणि आर्तुरो कोएयो ही जोडी, महिलांमध्ये जेम्मा ट्रियाय, आरी सांचेझ. बघताना नजर चेंडूवर न ठेवता एकाच खेळाडूच्या पायांवर ठेवा.

सोनसळी

शेवटची शंका, मग सरावाला पळते. माझी पार्टनर डावखुरी आहे. आम्ही कधी मी उजवीकडे, कधी ती, असं वाटेल तसं उभ्या राहतो. काही ठरवायला हवं का?

जुनाट

हो, आणि तुम्ही नशीबवान आहात. तिला उजवीकडे उभी करा, तुम्ही डावीकडे. म्हणजे दोघींचे फोरहँड मध्ये येतात आणि मधला लॉब दोघींनाही डोक्यावरून मारता येतो. कोएयो डावखुरा आहे आणि उजवीकडेच खेळतो.

पंचमामा

फक्त एवढं सांभाळा: सर्व्हिस परतवायची बाजू सेटच्या सुरुवातीला एकदा ठरली की तो सेट संपेपर्यंत बदलता येत नाही. सर्व्हिस परतवून झाली की चेंडू खेळात असताना तुम्ही कुठेही जा. आणि ४०-४० नंतर एकाच निर्णायक गुणावर गेम संपवायचं ठरवून खेळत असाल, तर त्या गुणाची सर्व्हिस कोणत्या बाजूने घ्यायची हे परतवणारी जोडी ठरवते. तुमच्यापैकी जिची परत जास्त खात्रीची, तिची बाजू सांगा.